कन्नडमधले काही आवाज मला वेगळे ऐकूच येत नाहीत, माझा कान बिघडलाय का?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून बदली होऊन बेळगावला आलाय, कन्नड मनापासून शिकताय, पण 'दे' या अर्थाचा कोडु आणि 'शिंग' या अर्थाचा कोडु ऑफिसातली माणसं दहादा म्हणून दाखवतात तरी तुम्हाला दोन्ही एकच ऐकू येतात. आणि दुसरी काळजी आठ महिन्यांच्या बाळाची, तुम्ही दोघं मराठी बोलता, सांभाळायला येणाऱ्या मावशी कन्नड, मग त्याच्या डोक्यात घोळ होणार का.

मी इथलाच, बेळगावातल्या शहापूरचा, आणि या विषयावर मिळेल ते वाचत आलोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कान ठीक आहे तुमचा. 'दे' अर्थाच्या कोडुतला ओ आखूड आहे आणि शिंगाच्या कोडुतला लांब, एवढाच फरक. मराठीत ओ आखूड म्हणा नाहीतर ओढून म्हणा, शब्दाचा अर्थ काही बदलत नाही, त्यामुळे तुमच्या मेंदूने हा फरक मोजायचं लहानपणीच सोडून दिलं. आणि लहानपणी म्हणजे किती लहानपणी, तर बोलायला लागायच्याही आधी!

यावरचा गाजलेला प्रयोग कॅनडातला आहे, जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा, १९८४ सालचा, आणि गंमत म्हणजे त्यात वापरलेले आवाज आपले होते, हिंदीतले त आणि ट. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना हा फरक नीट ऐकू येत नाही, त्यांना दोन्ही एकच वाटतात, आपल्याला खरं वाटणार नाही पण तसंच आहे. आता बोलता न येणाऱ्या बाळाला विचारायचं कसं? बाळाला आईच्या मांडीवर बसवायचं, स्पीकरवर त त त त चालू ठेवायचं, मध्येच ट लावायचा, आणि आवाज बदलला की बाजूच्या काळ्या काचेच्या पेटीत दिवा लागून एक खेळणं हलायला लागतं. बाळ दोन-चार वेळातच शिकतं की आवाज बदलला की तिकडे बघायचं. पुढे पुढे दिवा लागायच्या आधीच मान वळते, म्हणजे त्याला फरक कळला. इंग्रजी घरातली सहा ते आठ महिन्यांची बहुतेक बाळं मान वळवत होती. दहा-बारा महिन्यांची मात्र फारच थोडी, आणि त्याच वयाची हिंदी घरातली बाळं बरोबर वळवत होती. म्हणजे जन्मतः जवळपास सगळ्या भाषांचे दरवाजे उघडे असतात आणि पहिल्या वाढदिवसाच्या आत घरात न लागणारे दरवाजे मिटत येतात. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार वेळ दुसरं काही सुचलं नव्हतं, एवढं मोठं काम त्या पाळण्यातल्या जीवाने करून ठेवलेलं असतं आणि आपल्याला पत्ताही नसतो.

पण दरवाजे मिटतात, त्यांना कुलूप लागत नाही. त्याच वर्करबाईंनी नंतर दाखवलं की दोन आवाजांमधलं अंतर अगदी कमी ठेवलं, म्हणजे एकामागोमाग लगेच वाजवले, तर मोठ्यांनाही फरक थोडाफार लागतो. जरा थांबून वाजवले की गेला. म्हणजे आवाज कानातून आत पोचतो, पण तो लक्षात ठेवताना मेंदू आपल्या भाषेच्या खणात टाकतो आणि तिथे दोन्ही एक होऊन जातात.

आता बाळाचं, आणि इथे मला कळकळीने सांगायचंय, मावशींना मराठी बोलायला लावू नका. कॅनडातल्याच व्हँकूव्हर शहरात २००७ मध्ये एक प्रयोग झाला, बाळांना इंग्रजी आणि फ्रेंच बोलणाऱ्या माणसांचे आवाज बंद केलेले व्हिडिओ दाखवले. चार आणि सहा महिन्यांच्या बाळांना नुसत्या चेहऱ्यावरून भाषा बदललेली कळली. आठव्या महिन्याला एका भाषेच्या घरातल्या बाळांची ही ओळख गेली, पण दोन भाषांच्या घरातल्यांची टिकली. तुमचं बाळ नेमकं त्याच वयात आहे. गोंधळायचा प्रश्नच येत नाही, ते मावशींचं तोंड बघूनच भाषा वेगळी काढत असेल. आमची वहिनी संकेश्वरची, माहेर कन्नड, तिचा पोरगा दोन-सव्वादोन वर्षांचा होता तेव्हा आईला 'नीर कोडु' म्हणायचा आणि वळून आजीला लगेच 'पाणी दे', आणि त्या कोडुतला ओ इतका आखूड, इतका नेमका की मला आजही तसा जमत नाही. कधी एका वाक्यात दोन्ही भाषा मिसळायचा तो, पण तसं तर इथल्या खडेबाजारात मोठी माणसंही बोलतात.

एक मात्र आहे, मोबाईलवर कन्नड बडबडगीतं लावून दिली की झालं असं समजू नका. सिएटलमध्ये पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी मँडरिन ऐकवली, पंचवीस-पंचवीस मिनिटांच्या बारा बैठका. समोर बसून खेळणी दाखवत, पुस्तक वाचत माणूस बोलला तिथे बाळं मँडरिनचे आवाज ओळखायला शिकली. तीच माणसं, तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं किंवा नुसतं ऐकवलं तर काहीच नाही, अजिबात फरक पडला नाही. मावशींचं समोर बसून भरवताना बोलणं जे काम करतं ते स्क्रीन करत नाही.

आणि तुमचं? जपानी माणसांना इंग्रजीतला र आणि ल वेगळा ऐकू येत नाही, त्यांच्यावर अमेरिकन संशोधकांनी १९९०च्या आसपास प्रयोग केले. एकाच माणसाच्या आवाजावर सराव केलेल्यांना नवीन माणूस बोलला की पुन्हा अडायचं, पण बऱ्याच वेगवेगळ्या आवाजांवर सराव केला तर नवीन माणसाचंही कळायला लागायचं, आणि काही महिन्यांनी तपासलं तरी ते टिकलेलं होतं. म्हणून ऑफिसातल्या एकाच मित्राकडून दहादा वदवून घेऊ नका. भाजीवाल्या आजी, कंडक्टर, शाळेतली पोरं, सगळ्यांचं ऐका, 'रोक्का कोड्री', म्हणजे पैसे द्या, हे तर इथे दिवसभर कानावर पडतं. आणि दर वेळी बरोबर की चूक हे लगेच कळायला हवं, तर एक करा, चार-पाच जणांकडून दोन्ही शब्द फोनवर रेकॉर्ड करून घ्या, बायकोला उलटसुलट वाजवायला सांगा, तुम्ही ओळखा, ती तिथल्या तिथे सांगेल. रोज दहा-पंधरा मिनिटं. सुरुवातीला बोलणाऱ्याच्या तोंडाकडेही बघा, कारण मेंदू डोळ्यांनीही ऐकतो, १९७६ मध्ये मॅगर्क आणि मॅकडोनाल्ड यांनी दाखवलं की कानावर ब आणि ओठ ग चे असले तर बहुतेकांना चक्क द ऐकू येतो, डोळे मिटले की परत ब. ओ किती वेळ धरलाय ते ओठांवर दिसतं, तिथून सुरुवात सोपी जाईल.