बालाघाटातील बाग आणि डोंगरवाटा या दोन्हींसाठी कोणती एटीव्ही भरवशाची ठरेल?

आपली बालाघाटाच्या उतारावर सीताफळ आणि केशर आंब्याची १४ एकर बाग आहे, तिचा निम्मा भाग काळ्या रानात आणि निम्मा मुरमाड माळावर आहे. फवारणी, खताची पोती आणि फळांचे क्रेट वाहण्यासाठी, शिवाय सवडीने डोंगरवाटांवर फिरण्यासाठी कोणती एटीव्ही (खडबडीत जमिनीवर चालणारी, रुंद टायरची उघडी छोटी गाडी) घ्यावी, असे आपण विचारले आहे. माझी बागही अंबाजोगाईच्या बाजूला अशाच जमिनीत आहे आणि नऊ वर्षांत मी अशा दोन गाड्या वापरल्या आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

नांगरट आणि रोटाव्हेटर ही आपली मुख्य गरज असेल, तर एटीव्हीचा विचार सोडून १५ ते २० अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर घ्यावा. ज्या कामांसाठी ट्रॅक्टर काढणे जिवावर येते, त्या कामांना एटीव्ही उपयोगी पडते: विहिरीवरची मोटार पाहून येणे, ठिबकच्या नळ्यांची बंडले नेणे, तोडलेल्या सीताफळांचे क्रेट ऊन चढण्याआधी सावलीत आणणे. तिच्या रुंद टायरमध्ये हवा फार थोडी, साधारण ५ ते ७ पीएसआय भरतात. त्यामुळे झाडांच्या ओळींतून ती वारंवार गेली तरी जमीन ट्रॅक्टरइतकी दबत नाही.

फार्महाउससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ११० किंवा १२५ सीसीच्या गाड्या कामासाठी घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. माझी पहिली गाडी तशीच होती. हवेवर थंड होणारे इंजिन, फक्त मागच्या चाकांना ताकद आणि ती पोहोचवणारी उघडी साखळी. पहिल्याच जूनमध्ये, वाफसा येण्यापूर्वी मी ती काळ्या रानात घातली. वीस पावलांत टायर आणि मडगार्ड यांच्यामधली जागा गाऱ्याने गच्च भरली, साखळीवर मातीचा थर चढला आणि चाके जागच्या जागी अडकली. तो गारा आम्ही दोघांनी खुरप्याने खरवडून काढला. तोवर साखळी उतरून तिचा एक दुवा तुटला होता. त्यानंतर मी साखळीऐवजी शाफ्टवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर चालणारी आणि गरजेनुसार चारही चाकांना ताकद देणारी गाडीच घ्यायची, असे ठरवले. आपल्या कामाला ४०० ते ५७० सीसी पुरेसे आहे. त्याहून मोठे इंजिन घेतल्यास वजन आणि पेट्रोलचा खर्च वाढेल. बागेला त्याचा फायदा नाही.

इंजिनापेक्षा गाडी थंड कशी राहते, हे अधिक बारकाईने पाहावे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि बागेत गाडी चालते ती बैलगाडीच्या वेगाने, म्हणजे समोरून वारा लागतच नाही. म्हणून पाण्यावर थंड होणारे इंजिन आणि चांगला पंखा हवा. रेडिएटर समोर असल्यामुळे चिखल नेमका त्याच्या जाळीत बसतो. तो साध्या पाइपाने, कमी दाबाच्या पाण्याने धुवावा, कारण वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने त्याच्या नाजूक पट्ट्या वाकतात.

या वर्गातील बहुतेक गाड्यांत गिअर बदलत राहण्याऐवजी रबरी बेल्टची स्वयंचलित रचना असते आणि आपल्याकडे गाडी बंद पडण्याचे ते मोठे कारण आहे. ओझे लादलेले असताना किंवा चढावर ‘एल’, म्हणजे कमी वेगाचा आणि जास्त ओढीचा लो गिअर न टाकता गाडी रेटली की बेल्ट घसरून तापतो आणि जळक्या रबराचा वास येतो. तो वास आला की थांबावे. ओढ्यातून जाताना बेल्टच्या पेटीत पाणी शिरले तर गाडी ओढत नाही. अशा वेळी पेटीचा खालचा बूच काढून, न्यूट्रलमध्ये इंजिन थोडे वाढवून पाणी निथळू द्यावे. होंडाच्या रँचर आणि रुबिकॉन या गाड्यांत बेल्टच नाही, गिअर आहेत, आणि या बाबतीत त्या मला सर्वांत पटतात. परंतु होंडा त्या भारतात विकत नाही. बाहेरून आलेली एखादी हाती लागली, तरी साध्या ऑइल सीलसाठी ऐन हंगामात गाडी उभी ठेवण्याची तयारी असावी लागेल.

टायरचा विचार आपण केलेला नसेल, तर तो अवश्य करावा. वेड्या बाभळीचा काटा आणि तूर-कपाशीची वाळलेली धसकटे यांनी माझे जेवढे नुकसान केले, तेवढे दगडांनी केले नाही. सहा प्लायचे, म्हणजे जाड थरांचे टायर घ्यावेत आणि पंक्चर बुजवण्याच्या वाती व हवेचा छोटा पंप गाडीवरच ठेवावा. हीच धसकटे ॲक्सलच्या सांध्यावरचे रबरी बूट फाडतात. बूट फाटल्यावर ग्रीस बाहेर पडते, माती आत जाते आणि काही दिवसांत पूर्ण ॲक्सल बदलण्याची वेळ येते, म्हणून आठवड्यातून एकदा वाकून बूट तपासावेत. दिवाळीनंतरच्या धुळीत एअर फिल्टरही तितक्याच वेळा काढून पाहावा.

आता ओझ्याविषयी. या गाड्यांच्या मागच्या कॅरिअरची क्षमता साधारण ८० ते ९० किलो आणि पुढच्याची ४० किलोच्या आसपास असते. युरियाची गोणी ४५ किलोची, म्हणजे मागे दोन गोण्या टाकल्या की मर्यादा संपली. त्याहून जास्त वजन असेल तर बुटकी ट्रॉली जोडावी. फवारणीच्या टाकीबाबत मी विशेष आग्रहाने सांगतो. मी मागे ६० लिटरची टाकी बांधून माळाच्या उताराला आडवा जात होतो. टाकी निम्मी रिकामी झाली होती, आतले पाणी एकदम खालच्या बाजूला गेले आणि वरच्या अंगाची दोन्ही चाके उचलली गेली. मी उडी मारली, गाडी एक पलटी खाऊन बांधाला अडकली. निम्मी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा फसवी असते, हे मला तेव्हा कळले. आता मी आतून आडवे पडदे असलेली टाकी वापरतो आणि उतारावर सरळ चढतो, सरळ उतरतो. अमेरिकेत तीनचाकी एटीव्हींची विक्री १९८८ मध्ये अपघातांमुळेच थांबवण्यात आली. चारचाकी गाडी तिच्यापेक्षा स्थिर असली, तरी तिचाही तोल चालकाच्या शरीरावर अवलंबून असतो. लांब आसन दिसले म्हणून गड्याला मागे बसवू नये, आणि हेल्मेट बागेतही घालावे.

डोंगरवाटांसाठी मागची चाके स्वतंत्रपणे वरखाली होणारी, पोटाखाली सुमारे ११ इंच जागा असलेली गाडी घ्यावी. अखंड ॲक्सल मजबूत असतो, पण तो दगडाला आधी अडकतो. फिरायला पांदण रस्ते आणि आपली माळराने भरपूर आहेत. येडशी-रामलिंग किंवा नायगाव मयूर अभयारण्याच्या हद्दीत मात्र परवानगीशिवाय गाडी नेऊ नये, तेथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे.

सामान्य एटीव्हीची आरटीओकडे नोंदणी होत नाही, त्यामुळे ती डांबरी रस्त्यावर आणता येत नाही. पोलारिसने स्पोर्ट्समन ५७० ही गाडी ट्रॅक्टर म्हणून नोंदवता येईल अशा रूपात भारतात आणली आणि आपल्या वर्णनाला तीच सर्वांत जवळची वाटते. आपली दोन शेते रस्त्याने जोडलेली असतील, तर नोंदणीची कागदपत्रे पाहिल्याशिवाय इसार देऊ नये.

विक्रेत्याकडे जाल तेव्हा बेल्ट, एअर फिल्टर, ॲक्सलचे बूट आणि ब्रेक पॅड या चार वस्तू आज दुकानात आहेत का, असे विचारून त्या काउंटरवर काढून दाखवायला सांगाव्यात. त्यानंतर मागच्या कॅरिअरवर एक पोते बांधून गाडी खऱ्या उतारावर न्यावी, लो गिअर टाकावा आणि थ्रॉटलवरून (वेग देणाऱ्या कळीवरून) बोट पूर्ण काढावे. इंजिनाने गाडी धरून ठेवली, तर पुढचे बोलणे करावे. ती मोकळी सुटून ब्रेकवरच आली, तर आपल्या माळासाठी ती घेऊ नये.