आकडा पुढे का सरकत नाही? ऑर्ग-मोडविषयी वाचकांचे प्रश्न

ईमॅक्स या एडिटरमध्ये मथळे आणि कामांच्या याद्या सांभाळणारा ऑर्ग-मोड असतो. त्यात बाकी कामाच्या मथळ्यापुढे 'टूडू' आणि झालेल्यापुढे 'डन' हा शब्द असतो, आणि वरच्या मथळ्यात [/] किंवा [%] ही खूण टाकली की त्याखालची किती कामे झाली ते तिथेच दिसते. हा आकडा चुकतो, अशी तक्रार या वेळी बऱ्याच पत्रांत आहे.

प्रश्न : जत्रेतल्या नाटकाचा आराखडा केला आहे. 'जत्रेचे नाटक [०/४]' या मथळ्याखाली नेपथ्य, वेशभूषा, परवाने, तालमी असे चार उपमथळे आहेत. नेपथ्याची नऊपैकी आठ कामे झाली, तरी वर शून्यच दिसते. (वाचक, साखळी)

उत्तर : मोजणी बरोबर आहे. मथळा आपली मुले मोजतो, नातवंडे मोजत नाही. 'नेपथ्य' हा उपमथळा स्वतः 'डन' होत नाही तोवर वरच्या चारांतला एकही पुरा झालेला नाही. नेपथ्याच्या मथळ्यातही [/] टाका, तिथे ८/९ दिसेल. नाटकासाठी आम्हाला हीच पद्धत पटते, कारण पडदे बघणाऱ्याला पडद्यांचा आकडा हवा असतो, सगळ्या नाटकाचा नव्हे.

तरीही एकच बेरीज हवी असेल तर मुख्य मथळ्यावर कर्सर ठेवून कंट्रोल-सी, कंट्रोल-एक्स, मग पी दाबा. गुणधर्माचे नाव 'कुकी_डेटा' रोमन मोठ्या अक्षरांत आणि मूल्य 'टूडू रिकर्सिव्ह' रोमन लहान अक्षरांत लिहा. मात्र मधले उपमथळेही 'टूडू' असतील तर तेही बेरजेत येतात. चार विभागांत मिळून २२ कामे असली तर एकूण २६ दिसतील. नुसती २२ हवी असल्यास त्या चार उपमथळ्यांपुढचा 'टूडू' काढून टाका.

तुमच्या आराखड्यात आणखी एक अडचण दडलेली आहे. दर शनिवारची तालीम तुम्ही आठवड्याने पुन्हा येणाऱ्या तारखेसह एकाच मथळ्यात ठेवली आहे. असे काम 'डन' केले की तारीख पुढे सरकते आणि काम लगेच परत 'टूडू' होते, म्हणजे तालमींचा आकडा कधीच पुरा होणार नाही. पहिल्या तालमीला साधी तारीख द्या, मग कंट्रोल-सी, कंट्रोल-एक्स, सी दाबा. किती प्रती आणि किती अंतराने, हे विचारले जाईल. ७ प्रती एकेक आठवड्याने घेतल्या की मूळची धरून आठ तालमी वेगवेगळ्या होतील आणि नीट मोजल्या जातील.

प्रश्न : चवथीच्या माटोळीची, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळांची, यादी चेकबॉक्स लावून केली. तोरिंग मिळणार नाही म्हणून ती ओळ पुसली, पण आकडा ५/१२ वरच राहिला. (वाचक, म्हापसा)

उत्तर : ओळ हाताने पुसली की ऑर्गला त्याची खबर लागत नाही. चेकबॉक्सवर कंट्रोल-सी दोनदा दाबून खूण केली, किंवा मेटा-शिफ्ट-एंटरने (मेटा म्हणजे बहुधा ऑल्ट) नवी ओळ घेतली, तरच मोजणी आपसूक होते. पुसल्यावर त्याच मथळ्यात राहून कंट्रोल-सी आणि मग हॅश दाबा, ५/११ होईल. फाइल दुसऱ्या एखाद्या साध्या एडिटरात बदलून आणली असेल तर या कंट्रोल-सी, हॅशच्या आधी कंट्रोल-यू दाबा, म्हणजे सगळ्या फाइलचे आकडे एकदम ताजे होतात.

यादी हाताने टंकणार असाल तर चौकटीत एक जागा मोकळी सोडा. नुसते [] लिहिले तर तो चेकबॉक्स ठरत नाही. झालेल्या कामाचा एक्स मोठाच हवा, लहान एक्स पूर्ण धरला जात नाही. आणि 'बाजारातून' या ओळीच्या पोटात कांगले, आंबाडे, सुपारीचे शिपटे असतील तर त्या ओळी थोड्या आत सरकवलेल्या असाव्यात. मग शिपटे आणून त्यावर खूण केली की 'बाजारातून' पुढे [-] येईल. वरची चौकट आपण भरायची नसते, ती पोटातल्या चौकटींवर चालते.

प्रश्न : 'टूडू', 'डन'ऐवजी मराठी शब्द चालतात का? (वाचक, फोंडा)

उत्तर : चालतात, आणि जरूर वापरा. फाइलच्या सुरुवातीला रोमन अक्षरांत हॅश, अधिकचिन्ह, 'टूडू' आणि विसर्गासारखे दोन टिंब असलेले कोलन लिहून पुढे 'बाकी | झाले रद्द' असे लिहा. त्याच ओळीवर कंट्रोल-सी दोनदा दाबा, नाहीतर बदल लागू होत नाही. उभ्या रेघेची जागा जपा. तिच्या उजवीकडचा प्रत्येक शब्द पुरे झालेले काम म्हणून मोजला जातो, म्हणजे 'रद्द'सुद्धा. शिवाय या फाइलमधल्या जुन्या 'टूडू' मथळ्यांना आता कामे म्हणून ओळख उरत नाही आणि ते मोजणीतून गळतात. तेव्हा आधी सगळीकडे शब्द बदलून घ्या.

प्रश्न : सगळी उपकामे झाली की वरचा मथळा आपोआप 'डन' व्हावा. (वाचक, काणकोण)

उत्तर : त्यासाठी 'ऑर्ग-आफ्टर-टूडू-स्टॅटिस्टिक्स-हुक' आहे, म्हणजे मोजणी झाली की आपले फंक्शन आपोआप चालवणारी जोडणी. ऑर्गच्या माहितीपुस्तिकेत उपकामांच्या प्रकरणात तयार फंक्शन दिलेले आहे, ते आपल्या इनिट फाइलमध्ये, म्हणजे ईमॅक्स सुरू होताना वाचतो त्या फाइलमध्ये, उतरवा. मराठी शब्द घेतले असतील तर फंक्शनमधले दोन्ही शब्द बदलायला विसरू नका. वरच्या मथळ्यात मोजणीची खूण नसेल तर हे हुक चालतच नाही. चेकबॉक्सना ते लागू नाही. त्या सगळ्या चौकटी भरल्या तरी मथळा तुम्हालाच कंट्रोल-सी, कंट्रोल-टी दाबून 'डन' करावा लागेल.