कोथिंबिरीच्या फुलांवर बसलेली ही पिवळी-काळी माशी कोणती?

गच्चीवरच्या फुलोऱ्यातल्या कोथिंबिरीचे तीन फोटो देऊन तुम्ही विचारलंय, ही मधमाशी आहे का, आणि ॲपने सुचवलेलं ‘एपिसिरफस बाल्टिएटस’ हे नाव बरोबर आहे का.

मधमाशी नक्कीच नाही. पंखांची एकच जोडी आहे आणि मिशा अगदी आखूड. मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात, मिशा लांब आणि कोपरात वाकलेल्या. ही सिरफिड माशी, म्हणजेच होव्हरफ्लाय.

ॲपचं नाव मात्र मला पटत नाही. एपिसिरफसच्या पोटाच्या तिसऱ्या-चौथ्या खंडांवर जाड काळ्या पट्ट्याबरोबर एक बारीक काळी रेघही असते. तुमच्या माशीला ती नाही. (रंगावर फार विसंबू नका. कोशात असताना थंडी पडली तर एपिसिरफसच काळपट निघते. पट्ट्यांची मांडणी बघायची.) शिवाय तुमच्या माशीच्या पाठीच्या दोन्ही कडांना रेखीव, लख्ख पिवळी किनार आहे. एपिसिरफसला अशी किनार नसते.

किनारीवरून माझ्यासमोर दोन प्रजाती येतात, इस्किओडॉन आणि स्फेरोफोरिया. स्फेरोफोरियाच्या नराचं पोट अरुंद आणि दोन्ही बाजूंनी सरळ असतं. तुमच्या माशीचं लांबट अंडाकृती आहे, दुसऱ्या खंडावर दोन सुटे पिवळे ठिपके आणि पुढच्या दोन खंडांवर कमानदार पट्टे आहेत. त्यामुळे मी ‘इस्किओडॉन स्क्युटेलॅरिस’ म्हणेन. महाराष्ट्रात ही भरपूर दिसते.

पण तिन्ही फोटो वरून काढलेत, म्हणून शिक्कामोर्तब करत नाही. डोळे डोक्यावर एकमेकांना टेकलेत, म्हणजे हा नर आहे (मादीच्या डोळ्यांमध्ये फट असते), आणि ही चांगली गोष्ट झाली. इस्किओडॉनच्या नराला मागच्या पायाच्या मुळाशी, खालच्या बाजूला, एक छोटा काटा असतो. तो वरून कधीच दिसणार नाही. सकाळी ऊन चढायच्या आत, माशी गारठलेली असताना, फोन फुलाच्या उंचीला आणून बाजूने फोटो घ्या. जमलं नाही तर व्हिडिओ काढून त्यातली स्वच्छ चौकट द्या.

आणखी एक, तिसऱ्या फोटोत देठावर मावा दिसतोय. कृपा करून त्यावर फवारणी करू नका. या माशीच्या अळ्या मावाच खातात. माव्याच्या घोळक्यात बिनपायांची, एका टोकाला निमुळती अळी सापडली तर तिचाही फोटो टाका.