लहानपणी हार्टचं ऑपरेशन झालंय, आता परत दम लागतो

प्रश्न : ताई, मी २९ वर्षांची आहे. चार वर्षांची असताना फॅलोचं (हृदयातल्या एका जन्मजात दोषाचं) ऑपरेशन झालं, तेव्हा 'आता बरी झाली' म्हणाले आणि दहावीनंतर तपासणीच सुटली. हल्ली जिना चढताना दम लागतो, मधेच धडधडतं. आई म्हणते टेन्शनमुळे होतंय. लग्नाचंही बघतायत, सांगायचं का?

उत्तर : अगं, टेन्शन म्हणून सोडून देऊ नकोस, याच आठवड्यात दाखव. आणि धडधडताना चक्कर आली किंवा डोळ्यापुढे अंधारी आली तर थेट इमर्जन्सीत जायचं. त्या ऑपरेशनमध्ये हृदयातलं छिद्र बुजवतात आणि फुप्फुसाकडे जाणारी अरुंद वाट मोकळी करतात, पण ती करताना तिथली झडप बऱ्याचदा गळकी राहते, मग वर्षानुवर्षं ते रक्त मागे येऊन उजवा कप्पा हळूहळू फुगत जातो आणि ठोकेही बिघडू शकतात, म्हणून तपासणी आयुष्यभर लागते, हे तुला तेव्हाच कुणीतरी नीट सांगायला हवं होतं. जन्मजात हृदयविकार बघणाऱ्या कार्डिओलॉजिस्टकडेच जा, जुनी डिस्चार्ज फाईल शोधून ने. इको, ईसीजी, बहुतेक एमआरआय पण करतील. झडप बदलावी लागली तर काही जणांना ती मांडीतल्या शिरेतून सुद्धा बसवता येते.

दातांकडे लक्ष दे, हिरड्यांतला संसर्ग हृदयापर्यंत जाऊ शकतो.

लग्नाचं म्हणशील तर मुलाला स्पष्ट सांग, लपवून संसार करणं तुलाच जड जाईल. या ऑपरेशननंतर अनेकींना मुलं झालीयत, फक्त आधी तपासणी करून घे.