ग्राफिटी ही कला की भिंतीची नासाडी? आणि ती बघायची कशी?

तुम्ही लिहिलंय की वांद्र्याच्या गल्ल्यांमधली भिंतीवरची चित्रं बघायला आवडतात, पण लोकलच्या खिडकीतून दिसणारी वाकडीतिकडी अक्षरं बघून डोकं उठतं. मग ग्राफिटीला नक्की काय समजायचं?

मी माहीमला आमच्या सोसायटीचा चार वर्षं सेक्रेटरी होतो, त्यामुळे या प्रश्नाशी माझी पहिली ओळख पेंटरच्या बिलातून झाली. एका सकाळी वॉचमनने बोलावून दाखवलं. कंपाउंडच्या भिंतीवर काळ्या स्प्रेने कुणीतरी चार अक्षरं मारली होती, कुठल्या भाषेतली तेही कळेना. चुना मारून घेतला. पंधरा दिवसांत अक्षरं चुन्यातून पुन्हा डोकवायला लागली. पेंटर म्हणाला, "काका, स्प्रेवर चुना धरत नाही, आधी प्रायमर मारायला पाहिजे होता." हे त्याने आधी का सांगितलं नाही, तो वेगळा विषय.

त्याच दिवसांत कमर्शियल आर्ट शिकणारा माझा भाचा घरी आला होता. भिंत बघून म्हणाला, "मामा, हात चांगला आहे." मला असा राग आला! पण त्याने अक्षरांवरून बोट फिरवून दाखवलं. पहिल्या अक्षरापासून चौथ्यापर्यंत रेघ कुठेही अडखळलेली नव्हती, ओघळ एकही नव्हता. कॅन भिंतीजवळ धरला की रेघ बारीक आणि रेखीव येते, लांब धरला की पसरट आणि धुरकट. हात जरा रेंगाळला की रंग खाली वाहतो. म्हणजे अंधारात, वॉचमनला चाहूल लागायच्या आत, उभ्या भिंतीवर हे एका दमात उतरवायचं. मला एकदम मोडीची आठवण झाली, टाक न उचलता ओढलेल्या ओळीची. राग गेला नाही, पण त्या दिवसापासून मी अशा अक्षरांकडे वाचायला म्हणून न बघता हात कसा फिरलाय ते बघायला लागलो. तुम्हीही लोकलमधून तेवढंच करून बघा. दहातली आठ अक्षरं गचाळ निघतील, दोन नाही निघणार.

अशा झटपट सहीला टॅग म्हणतात. फुगीर अक्षरं दोन रंगांत घाईने भरली की थ्रो-अप. वेळ काढून, अक्षरं एकमेकांत गुंफून, सावल्या देऊन केलेलं काम म्हणजे पीस. वांद्र्यात तुम्हाला आवडतं ते बहुतेक यातलं काहीच नाही, ती म्युरल्स, म्हणजे भिंतभर काढलेली मोठी चित्रं. चित्रकार रणजित दहिया यांनी २०१४ मध्ये वांद्रे रेक्लमेशनजवळच्या एमटीएनएलच्या इमारतीवर दादासाहेब फाळके काढले, ते परवानगी घेऊन, दिवसाढवळ्या. तुलसी पाइप रोडवरची रेल्वेची लांबलचक भिंत २००९ मध्ये लोकांनी रंगवली, तीही पालिकेच्या संमतीने. छानच झालं. पण ग्राफिटीवाल्यांतले कडवे लोक याला ग्राफिटी मानतच नाहीत, आणि मला त्यांचं पटतं. ज्याला कुणी नको म्हणू शकलं असतं ते चित्र आणि ज्यासाठी कुणाला विचारलंच नव्हतं ती सही, या दोन जातीच वेगळ्या.

कायद्याचं म्हणाल तर त्याला देखणेपणाशी देणंघेणं नाही. महाराष्ट्रात १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा आहे; तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गंमत अशी, की त्या चार अक्षरांच्या आधी आमच्या भिंतीवर पेस्ट कंट्रोलचे स्टिकर होते, दहावीच्या क्लासची पत्रकं होती आणि पानाच्या पिचकाऱ्या होत्या. पिचकाऱ्यांवर उपाय म्हणून आधीच्या कमिटीने सर्व धर्मांच्या देवांच्या टाइल्स बसवल्या होत्या. यावर वार्षिक सभेत कुणी अवाक्षर काढलं नाही. स्प्रेवर मात्र पाऊण तास चर्चा. माझे वडील सांगायचे, संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी गिरगाव-लालबागच्या भिंती "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे"ने भरून गेल्या होत्या. तेव्हाही कुठला तरी घरमालक सकाळी उठून कपाळावर हात मारत असणारच. आज त्याची बाजू कोण घेतो?

माझ्यापुरती मी एक रेघ ओढली आहे: प्लास्टर की दगड. प्लास्टरवर काही मारलं तर खर्च होतो, चिडचिड होते, पण भिंत परत मिळते. मुंबईच्या चार पावसाळ्यांत ओल आणि पोपडे निम्मं काम तसंही करतात. दगडाचं तसं नाही. फोर्टातल्या बऱ्याच जुन्या इमारतींचा दगड सच्छिद्र, रंग आत मुरतो. खरवडायला जावं तर दगडाची सालच निघते. किल्ल्यांवर बदाम कोरून आत नावं घालणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ ला चित्रावरच आपलं नाव खरवडून ठेवलं. लेणी जगासमोर आणणारा म्हणून त्याचं नाव सगळीकडे सांगतात, मला मात्र आधी ती सहीच आठवते.

आता भाच्याने यावर मला कसं गप्प केलं तेही सांगतो. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीची लेणी आहेत. तिथे ९० क्रमांकाच्या लेण्यात पहलवी या जुन्या इराणी लिपीत कोरलेली नावं आहेत, इसवी सन १००९ आणि १०२१ ची. लेणी बघायला आलेल्या पारशांनी आपली नावं आणि तारीख दगडात कोरून ठेवली. हजार वर्षांनी तोच पुरावा: पारशी तेव्हा या भागात होते, हे आपल्याला कळतं ते यांसारख्या लेखांवरून. "मग मामा, ही नासाडी का?" याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. बदामवाल्यांना मात्र मी आजही हटकतो.

बघायचंच असेल तर वांद्र्याला चॅपल रोडपासून रणवारपर्यंत चालत जा, रविवारी सकाळी लवकर. नंतर भिंतींना लागून गाड्या उभ्या राहतात आणि चित्रांचा फक्त वरचा अर्धा भाग दिसतो. लोकांची राहती घरं आहेत ती, फोटो काढताना खिडकीत कुणी दिसलं तर आधी विचारा.