आईच्या हातातल्या पट्ट्याचा बारकोड प्रत्येक औषधाआधी स्कॅन करतात, ते पेशंटसाठी की बिलासाठी?

तुमची आई बेळगावात ॲडमिट आहे, प्रत्येक इंजेक्शनआधी सिस्टर तिच्या हातातला पट्टा स्कॅन करतात आणि तुम्हाला वाटतंय की हे सगळं बिल लावायला चाललंय, असा तुमचा प्रश्न आहे. मी इथल्याच एका दवाखान्यात स्टाफ नर्स आहे, १४ वर्षं झाली, म्हणून सांगते. बिलाचं म्हणाल तर खरं आहे, स्कॅन केलं की औषध स्टॉकमधून कमी होतं आणि तुमच्या खात्यावर चढतं. पण तो पट्टा नसता तर काय होतं ते मी बघितलंय.

आपल्याकडे नावांचा घोळ किती ते तुम्हाला माहीत असेलच. एका वॉर्डात तीन पाटील, त्यात दोघी लक्ष्मी, घरचे एकीला लक्ष्मीबाई म्हणतात दुसरीला लक्ष्मव्वा, रजिस्टरात नाव कन्नडमध्ये, फाईलवर इंग्रजीत, आणि खानापूरकडून आलेल्या चिठ्ठीवर मराठीत. आमच्याकडे स्कॅनर आला नव्हता तेव्हाची गोष्ट, सकाळी नाष्ट्याआधीचं इन्सुलिन घेऊन बेडजवळ गेले, "लक्ष्मीबाई ना?" म्हटलं, आजी "होय की बाळ" म्हणाल्या आणि दंड पुढे केला. स्पिरिटचा कापूस फिरवून झाला होता, तेवढ्यात शेजारच्या बेडजवळची सून म्हणाली, सिस्टर, शुगर माझ्या सासूला आहे, त्यांना नाही. माझे हात गार पडले. शुगर नसलेल्या म्हाताऱ्या माणसाला ते इन्सुलिन गेलं असतं तर शुगर एकदम उतरून बेशुद्ध पडायला वेळ लागत नाही. आणि आजी काही चुकीचं बोलल्या नव्हत्या, त्या पण लक्ष्मीच. तेव्हापासून मी "अमुक ना?" असं कुणालाच विचारत नाही, "तुमचं पूर्ण नाव सांगा" म्हणते, नवऱ्याच्या नावासकट.

स्कॅनरला कन्नड मराठी काही कळत नाही, तो फक्त नंबर बघतो, म्हणून तर तो इथे जास्त कामाचा. आधी पट्टा स्कॅन, मग औषध स्कॅन, मग स्क्रीनवर डॉक्टरांच्या ऑर्डरशी जुळतं का बघायचं, हाच पेशंट का, हेच औषध का, डोस किती, शिरेतून की तोंडातून, वेळ झाली का. नाही जुळलं की लाल. डोपामिन आणि डोब्युटामिन, नावं ऐकायला किती सारखी आहेत बघा, रात्री तीन वाजता डोळ्यांवर झोप असताना तो लाल रंगच उपयोगी पडतो.

ही कल्पना पण एका नर्सचीच आहे बरं का. अमेरिकेत टोपेका गावच्या माजी सैनिकांच्या दवाखान्यात सू किनिक नावाच्या नर्स होत्या, १९९२ च्या सुमाराला भाड्याची गाडी परत करताना त्यांनी बघितलं की माणूस हातातल्या मशीनने गाडी स्कॅन करतोय, गाडीला जमतं तर औषधाला का नाही असं त्यांना वाटलं आणि तिथून सुरुवात झाली. पुढे बोस्टनच्या एका मोठ्या दवाखान्यात १४ हजारांवर डोस बघून अभ्यास झाला, तो २०१० ला छापून आला. वेळेच्या चुका सोडून औषध देण्यातल्या बाकीच्या चुका बारकोड नसलेल्या वॉर्डात ११.५ टक्के होत्या आणि बारकोड असलेल्यात ६.८. म्हणजे चुका संपल्या नाहीत, पण फरक केवढा आहे.

का संपत नाहीत तेही सांगते. आपल्याकडे प्रत्येक गोळीवर वेगळा बारकोड येत नाही, म्हणून बऱ्याच ठिकाणी फार्मसीतच स्टिकर छापून चिकटवतात, आणि स्टिकरच चुकीचा लागला तर मशीन चुकीच्या औषधाला पण हिरवं दाखवणार. दुसरं म्हणजे शॉर्टकट. काही ठिकाणी पट्ट्याची जादा प्रिंट काढून ट्रॉलीला चिकटवतात आणि तिथूनच स्कॅन करतात, पेशंट झोपलाय, बॅटरी उतरलीय, घाई आहे, कारणं खरी असतात, पण मग पेशंट तपासलाच कुठे? मला हे बघितलं की फार राग येतो.

आणि बॅचचं पण आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये बळ्ळारीच्या सरकारी दवाखान्यात सिझेरियननंतर बाळंतिणी दगावल्या, सलाईनवर संशय आला आणि राज्यभर त्या कंपनीचं सलाईन थांबवावं लागलं. अशा वेळी कुठली बॅच कुठल्या वॉर्डात कुणाला लागली हे वहीत शोधत बसलात तर दिवस जातात, स्कॅन केलेलं असेल तर लगेच यादी निघते. १ ऑगस्ट २०२३ पासून देशात जास्त खपाच्या ३०० ब्रँडवर बारकोड नाहीतर क्यूआर कोड सक्तीचा झालाय, त्यात औषधाचं नाव, कंपनी, बॅच, एक्सपायरी सगळं असतं. पण स्ट्रिपवर जागा नसेल तर तो बाहेरच्या बॉक्सवर छापला तरी चालतो, आणि आपण मेडिकलमध्ये जाऊन चार गोळ्या कापून द्या म्हणतो, मग कोड पण राहतो तिकडे आणि एक्सपायरी पण. आईला घरी नेल्यावर शक्यतो पूर्ण स्ट्रिप घ्या, एक्सपायरीच्या बाजूच्या गोळ्या शेवटी काढा.

घरून आणलेल्या गोळ्या आईला गुपचूप देऊ नका, त्या स्कॅन होत नाहीत, डॉक्टरांना दाखवा. सिस्टर स्कॅन न करता द्यायला लागल्या तर सरळ विचारा, आम्हाला त्याचं वाईट वाटत नाही. आणि आज एकदा पट्ट्यावरचं नाव, वय, आयपी नंबर म्हणजे ॲडमिट करताना दिलेला नंबर, फाईलशी जुळवून बघा, अंघोळीत शाई गेली असेल तर नवीन मागा, दोन मिनिटांत निघतो, आणि जुना तिथेच तुमच्यासमोर कापून टाकायला सांगा.