एकादशी, ऑटोक्लेव्ह आणि प्रबंध: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. करतो. गळ्यात माळ आहे, महिन्याच्या दोन्ही एकादश्या धरतो. आषाढीला गावच्या दिंडीबरोबर पायी जायचं आहे. गाइड नाही म्हणत नाहीत, पण ‘तुझ्या कल्चर्सचं काय?’ असं विचारतात. रजा कशी मागू?
— एक वाचक, खानापूर तालुका

गाइडनी नेमकं विचारलंय. कल्चर्स म्हणजे लॅबमध्ये वाढवलेले जंतू, ते मागे कोण सांभाळणार? रजेच्या अर्जाआधी त्याचंच उत्तर तयार ठेवा.

आषाढीची तारीख दरवर्षी सरकते. २०२५ मध्ये ती ६ जुलैला होती, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे २५ जुलैला. तेव्हा सेमिस्टरचं वेळापत्रक ठरतानाच पंचांग शेजारी ठेवा. संशोधन सल्लागार समितीपुढे दर सेमिस्टरला प्रगती मांडावी लागते. ती बैठक दिंडीच्या दिवसांत येणार असेल तर महिनाभर आधी सांगितलेलं चालतं, आदल्या दिवशी सांगितलेलं कुणालाच आवडत नाही.

आता कल्चर्स. ती गोठवून ठेवायची. निघण्याच्या चार-पाच दिवस आधी प्रत्येक स्ट्रेन (जंतूचा वाण) ताज्या प्लेटवर स्ट्रीक करून, म्हणजे रेघोट्यांत पसरवून, शुद्ध असल्याची खात्री करा. रात्रभर वाढवलेला ब्रॉथ (जंतू असलेला पोषक द्रव) आणि निर्जंतुक केलेलं ५० टक्के ग्लिसरॉल समप्रमाणात मिसळा, म्हणजे ग्लिसरॉल २५ टक्के राहतं. ग्लिसरॉल जड असतं. व्हायल (छोटी कुपी) चार-पाचदा उलटीसुलटी केली नाही तर ते तळाशी बसतं आणि वरच्या थरातल्या पेशी बर्फाच्या स्फटिकांनी मरतात. प्रत्येक स्ट्रेनच्या दोन व्हायल करा, दुसरी शेजारच्या लॅबच्या फ्रीझरमध्ये द्या. उणे ८० अंशांचा फ्रीझर नसेल तर काही महिन्यांपुरता उणे २० चालतो, मात्र तो फ्रॉस्ट-फ्री नसावा. असा फ्रीझर बर्फ वितळवायला अधूनमधून गरम होतो आणि त्यातच स्टॉक जातो. निघण्यापूर्वी एका व्हायलमधून खरवडून प्लेटवर लावून बघा. वाढ दिसली की गाइडना ती प्लेट दाखवा, अर्ज त्यानंतर द्या.

खानापूरकडे आषाढात वीज जाणारच. मागे राहणाऱ्याला एकच सांगून ठेवा, वीज नसताना फ्रीझरचं दार उघडायचं नाही. लेबलं चिकटपट्टीवर पेन्सिलीने लिहा, मार्करची शाई स्पिरिटने पुसली जाते.

एकादशीला सुट्टीची गरज नाही, कामं बदला. लॅबमध्ये खाणं-पिणं तसंही बंदच असतं. निर्जळी असेल तर दुपारनंतर घाई होते, हात थरथरतो आणि प्रेशर शून्यावर यायच्या आत ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारं यंत्र) उघडायचा मोह होतो. १२१ अंशांवरचं मीडिया, म्हणजे पोषक द्रव, तेव्हा उसळून अंगावर येतं. दर अर्ध्या तासाला रीडिंग घ्यायचा ग्रोथ कर्व्ह (जंतूंच्या वाढीचा आलेख) दशमीला उरका किंवा बारस सोडल्यावर लावा. एकादशीला आकडेमोड, वाचन, आकृत्या. फराळ चालत असेल तर नुसत्या साबुदाण्यावर राहू नका, तो लवकर पचतो. दाणे, दही, रताळं बरं.

माळ शर्टच्या आत, अॅप्रनचं वरचं बटण लावून. बर्नर, व्होर्टेक्स (नळ्या घुसळणारं यंत्र) आणि ग्राइंडरपाशी ती लोंबता कामा नये. लाकूड आणि दोरा फिनॉल (कातडी भाजणारं रसायन) शोषून घेतात आणि ते कातडीला धरून ठेवतात. तसं काही सांडलं तर माळ तत्क्षणी उतरवावी लागते. ज्यांच्या हातून माळ घातली त्यांच्याशी हे आजच बोलून ठेवा, त्या क्षणी विचार करायला वेळ नसतो.

प्रश्न : मी आमच्याच गावच्या भजनी मंडळांवर प्रबंध लिहिते. वडील मंडळात पखवाज वाजवतात. श्रद्धा असणाऱ्याने असं संशोधन करू नये, असं कोर्सवर्कमध्ये कुणी म्हणालं.
— एक वाचक, चिकोडी तालुका

असा काही नियम नाही. घरच्या माणसाची अडचण निराळीच असते: ठाऊक असलेलं तो विचारतच नाही. भजन रूपाच्या अभंगाने का सुरू होतं, गौळण कधी येते, चाल कोण ठरवतं, बायका कुठे बसतात? हे सगळं परक्याने विचारावं तसं विचारा. वहीच्या डाव्या पानावर पाहिलेलं-ऐकलेलं, उजव्या पानावर तुम्हाला वाटलेलं, अशी विभागणी ठेवा. वडिलांशी असलेलं नातं संशोधनपद्धतीच्या प्रकरणात स्पष्ट लिहा आणि त्यांची मुलाखत मैत्रिणीला घ्यायला सांगा. मुलीला ते अर्धंच सांगतील, बाकीचं ‘तुला माहीतच आहे’ म्हणून सोडून देतील.

संमतीपत्र मराठीत आणि कन्नडात, दोन्ही ठेवा. रेकॉर्डर टाळकऱ्यांपासून लांब, गायकाकडे तोंड करून ठेवा आणि आवाजाची पातळी कमी करा. टाळांच्या ठोक्याने आवाज एकदा फाटला की नंतर दुरुस्त होत नाही. पहिल्या अभंगातच हेडफोन लावून तपासा. अभंगाची हस्तलिखित वही मुखपृष्ठापासून शेवटपर्यंत फोटोत घ्या. छापील गाथेपेक्षा पाठ वेगळा असेल तर तो सुधारू नका, पाठभेद हाच तुमचा ऐवज आहे.

सीमाभागात काही मंडळं हरिदासांची, म्हणजे कर्नाटकातल्या विठ्ठलभक्त संतकवींची, कन्नड पदंही म्हणतात. शेवटची अंकित मुद्रा (कवीची नाममुद्रा) नोंदवा, उदाहरणार्थ ‘पुरंदर विठ्ठल’. पदं कन्नड लिपीतच उतरवा. कन्नडात ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ निराळे असतात, आपल्या नेहमीच्या देवनागरीत तो फरक बुडतो.

प्रश्न : प्रबंधात अभंग भरपूर आहेत. सिमिलॅरिटी (इतरत्र छापलेल्या मजकुराशी साम्य) १० टक्क्यांच्या वर जाईल का?
— एक वाचक, निपाणी

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांनुसार संदर्भासह उद्धृत केलेला मजकूर मोजणीतून वगळायचा असतो. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा सादर करावं लागतं. सॉफ्टवेअर मात्र अवतरणचिन्हं शोधतं. अभंग नुसता समास सोडून छापला तर तो चोरीत धरला जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक अभंगाला चिन्हं आणि अभंगक्रमांक द्या.

डीटीपीवाल्याने जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलं असेल तर वेगळंच संकट. एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसला तर ते युनिकोड नाही, तपासणी निरर्थक ठरते. रूपांतर करून घ्या आणि मग रफार, ‘ऱ्ह’, ‘ऱ्य’ आणि ‘अॅ’ डोळ्यांत तेल घालून वाचा. हे बाइंडिंगच्या आधी.